‘मे आय कम इन’च्या पुढे

(पुणतांबा येथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेलं भाषण)

 



पुणतांब्यात बोलायचं म्हटलं की चांगदेवांची आठवण काढल्याशिवाय सुरुवात होत नाही. त्यांची समाधी इथेच, गोदाकाठी आहे. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला चांगदेव बसले आणि मायन्यालाच अडले. ‘चिरंजीव’ लिहावं, तर समोरचा ज्ञानानं मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर वयानं लहान. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ‘चांगदेव पासष्टी’ लिहिली गेली, असं परंपरा सांगते.

मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. असे मायन्याला अडलेले चांगदेव मला वर्गात रोज भेटतात. डोक्यात सगळं असतं. गणित येतं, विज्ञान येतं, व्यवहार कळतो. पण इंग्रजीत पहिलं वाक्य कुठून सुरू करायचं ते कळत नाही, म्हणून तोंड बंद. फरक इतकाच की यांच्या कोऱ्या कागदाला कोणी पासष्टी लिहून पाठवत नाही. टेबलापलीकडचा माणूस ‘नेक्स्ट’ म्हणतो आणि संपतं.

माझ्या एका विद्यार्थिनीचं असंच झालं. बारावी विज्ञानाला चांगले गुण होते. एका ठिकाणी कामासाठी मुलाखतीला गेली. पहिला प्रश्न आला, ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ.’ प्रश्न तिला समजला होता. उत्तर निघालं नाही. घरी आल्यावर वडीलधारे म्हणाले, ‘पढ़ के क्या हुआ? अब घर बैठो.’ मुलीचं शिक्षण एका वाक्याअभावी अडलं नव्हतं, पण थांबवायला ते एक निमित्त पुरलं. म्हणून आजचा विषय मला नुसता भाषेचा वाटत नाही. आपल्या मोहल्ल्यात, विशेषतः मुलींच्या बाबतीत, अशी निमित्तं लोक शोधतच असतात.

आता विचार करा. राज्यात मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी ती पाचवीपासून होती. म्हणजे आजचा दहावीचा मुलगा दहा वर्षं इंग्रजी शिकलेला असतो. दहा वर्षांत माणूस विहीर खणतो, घर बांधतो. आणि आपला मुलगा एसटीत शेजारच्या प्रवाशाला ‘खिडकी जरा लावता का’ एवढं इंग्रजीत विचारू शकत नाही. मुलगा ‘ढ’ आहे असं म्हणून भागणार नाही. शिकवण्याच्या रीतीत काहीतरी राहून जातंय.

काय राहून जातंय? आपण इंग्रजी ही भाषांतर करण्याची वस्तू म्हणून शिकवतो. महाराष्ट्रात अनेक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. नियम शिका, शब्द पाठ करा, मग मराठी वाक्याचं इंग्रजी करा. त्या पुस्तकानं हजारोंना इंग्रजी वाचायला, लिहायला शिकवलं, त्याचे उपकार मी नाकारत नाही. पण बोलताना कोणी असं करत नाही. बोलताना वाक्य विटा रचल्यासारखं एकेका शब्दानं रचायला वेळच नसतो. समोरचा थांबत नाही. आपण मराठीतही तयार तुकडे वापरतो. ‘काय म्हणता’, ‘बघू या’, ‘चालेल की’, ‘असू द्या’. हे आपण व्याकरणानं बनवत नाही. ते जिभेवर तयार असतात.

आणि हे तुकडे शब्दशः भाषांतरित होत नाहीत. पाहुणा निघताना म्हणतो, ‘येतो हं.’ जातोय, आणि म्हणतो येतो! याचं इंग्रजी ‘आय कम’ केलं तर ऐकणारा दाराकडे बघत बसेल. तिथे म्हणतात, ‘सी यू.’ आपल्या घरात पाहुण्याला ‘तशरीफ रखिए’ म्हणतात. त्यातल्या ‘तशरीफ’चा अर्थ कोशात शोधून कोणी खुर्चीवर बसत नाही. अख्खा तुकडा मिळून एक काम करतो. रोजच्या वापरातले इंग्रजी तुकडे, त्यांना मी वाक्प्रयोग म्हणते, ते असेच अख्खे ऐकायचे, अख्खे बोलायचे असतात.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याला जमेल का? दोस्तांनो, हे काम तुम्ही चार वर्षांचे असल्यापासून करताय. आपल्या घरातलं लहान मूल शिंक आली की ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणतं. जेवायला बसताना ‘बिस्मिल्लाह’, छान काही दिसलं की ‘माशाअल्लाह’, उद्याचं काही ठरवलं की ‘इन्शाअल्लाह’. सलाम केला की बरोबर उलटा जबाब देतं. भाषा अरबी आहे. व्याकरण कोणी शिकवलेलं नाही. तरी कोणत्या वेळी, कोणापुढे, काय म्हणायचं यात ते चुकत नाही. वाक्प्रयोगानं परकी भाषा शिकण्याचा याहून चांगला नमुना मला दाखवता येणार नाही, आणि तो आपल्या घरातच आहे.

शिवाय इथलं मुस्लिम मूल घरी दखनी बोलतं, शाळेत मराठी, मकतबात उर्दू-अरबी अक्षरं गिरवतं. आपल्या घरातला ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’वरून आला आहे. ‘मैंच’ आणि ‘अब्बीच’ मधला तो ‘च’ मराठीचाच आहे. हे कोणी वर्गात बसून शिकलं नाही. बाजारात, शेजारात, कानानं शिकले. सच्चर समितीनं २००६ साली दाखवून दिलं की शिकण्याच्या वयातल्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ ते ४ टक्के मदरशात जातात, शाळेत जाणारी बाकीची मुलं साध्या शाळांत. म्हणजे आपली बहुतेक मुलं तीन-चार भाषा आणि दोन-तीन लिप्या घेऊन शाळेच्या वर्गात येतात. त्यांना ‘भाषेत कच्ची’ म्हणणाऱ्यांनी आधी ही मोजदाद करावी.

पण याच उदाहरणात एक इशाराही आहे, आणि आज मला मुख्यतः तोच सांगायचा आहे. इतके अरबी वाक्प्रयोग तोंडात असून आपल्यातले किती जण अरबीत एक कप चहा मागू शकतील? बहुतेक कोणीच नाही. का? कारण ते तुकडे आपण कधी उघडून बघितले नाहीत. बघा, ‘इन्शाअल्लाह’ म्हणजे ‘अल्लाहनं इच्छिलं तर’. ‘माशाअल्लाह’ म्हणजे ‘अल्लाहनं जे इच्छिलं ते’. दोन्हींत मधला ‘शाअ’ एकच आहे, ‘इच्छिलं’. पुढचा ‘इन’ म्हणजे ‘तर’, आणि ‘मा’ म्हणजे ‘जे’. आयुष्यभर म्हणत आलेले दोन तुकडे उघडले आणि एका मिनिटात तीन गोष्टी कळल्या. दुआ म्हणून ते आहेत तसेच पूर्ण आहेत, त्यांना उघडायची गरज नाही. पण भाषा शिकायची असेल, तर तुकडा उघडावा लागतो.

आता इंग्रजीकडे येऊ. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेत, पार वाडीवस्तीवरच्या सुद्धा, मुलाला एक इंग्रजी वाक्य हमखास येतं. ‘मे आय कम इन, सर?’ उशीर झालेला मुलगा दारात उभा राहून ते न चुकता म्हणतो. दुसरं वाक्य पाणी प्यायला किंवा बाहेर जायला लागतं, ‘मे आय गो?’ दहा वर्षं मुलगा हे म्हणतो. आणि दहा वर्षं कोणी त्याला सांगत नाही की बाबा रे, तुझ्या हातात किल्ली आहे. ‘मे आय’ तसंच ठेव आणि पुढचं बदल. ‘मे आय सिट हिअर?’ ‘मे आय आस्क अ क्वेश्चन?’ ‘मे आय यूज युअर पेन?’ ‘मे आय स्पीक टू द मॅनेजर?’ एका दाराच्या किल्लीनं वीस दारं उघडतात.

पुणतांबा जंक्शन आहे. दौंड-मनमाड मार्गावरून शिर्डीचा फाटा इथून फुटतो. रेल्वे स्टेशनवरची घोषणा तुम्ही जन्मापासून ऐकताय. ‘मे आय हॅव युअर अटेन्शन, प्लीज.’ तोच ‘मे आय’! शाळेच्या दारातला आणि स्टेशनच्या भोंग्यातला. आता त्यातलं ‘अटेन्शन’ काढा. ‘मे आय हॅव युअर नंबर, प्लीज?’ ‘मे आय हॅव द बिल, प्लीज?’ रोज कानावर पडणारं वाक्य धड्यातल्या वाक्याहून लवकर जिभेवर येतं. म्हणून शिक्षकानं आधी गावाचे कान तपासावेत.

मुलं हे असंच शिकतात याला आधार आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिली वाँग फिलमोर या संशोधिकेनं घरी स्पॅनिश बोलणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला, १९७६ सालचं ते काम. ही मुलं इंग्रजी बोलणाऱ्या सवंगड्यांबरोबर खेळताना आधी अख्खे तुकडे उचलायची. एका मुलीनं ‘हे कसं करायचं’ अशा अर्थाचा एकच प्रश्न उचलला आणि सगळीकडे तोच वापरला. मग त्याच्या शेपटीला एकेक शब्द जोडला. मग आतला भाग बदलायला लागली. तुकड्यातूनच तिनं व्याकरण काढलं. आधी वापर, मग उकल. आपल्या शाळेत क्रम उलटा असतो, आधी नियम, आणि वापर कधीतरी.

आता एक नाजूक मुद्दा. वाक्प्रयोग शिकवताना तो कोणी कोणाला म्हणायचा हे सांगितलं नाही, तर मुलं विनाकारण उद्धट ठरतात. मराठीत आपण ‘पाणी द्या ना’ म्हणतो. आदर ‘द्या’मध्ये आहे, विनंती ‘ना’मध्ये आहे. वेगळं ‘कृपया’ लागत नाही. दखनीत, उर्दूत ‘दीजिए’ म्हटलं की अदब आली. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण, सगळ्यांना एकच ‘यू’. क्रियापदावर आदर बसवायला जागाच नाही. मग तो वाक्याच्या चौकटीत बसवावा लागतो. ‘कॅन आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ आपला मुलगा ‘पाणी द्या’चं भाषांतर करून ‘गिव्ह मी वॉटर’ म्हणतो. त्याच्या मनात ‘द्या’ आहे, समोरच्याच्या कानात ‘दे’ पडतं. मुलगा घरचा अदबशीर, आणि छाप पडते उर्मटपणाची! हे भाषांतरानं कधीच दिसणार नाही, वाक्प्रयोगानंच दिसेल.

आभाराचंही तसंच. आपल्याकडे आईनं भाकरी वाढली म्हणून कोणी ‘आभारी आहे’ म्हणत नाही. म्हटलं तर आई विचारेल, बरं वाटतंय ना तुला? मोठ्यांना आपण ‘जीते रहो’ म्हणायला लावतो, स्वतः मान खाली घालतो. इंग्रजीत मात्र दुकानदारालाही ‘थँक यू’, ड्रायव्हरलाही ‘थँक यू’. यात त्यांचं बरं आणि आपलं वाईट असं काही नाही. रीत वेगळी आहे. ती रीत वाक्प्रयोगाबरोबर शिकवायची.

मग कोणते वाक्प्रयोग निवडायचे? बाजारातल्या गाईडांत म्हणींची लांब यादी असते. पाऊस मांजर-कुत्र्यांसारखा पडतो, हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलानं पाठ केलंय. ते एकदा तरी कोणाशी बोलायला वापरलंय असं माणूस मला भेटलेलं नाही. रजेच्या अर्जातलं ‘आय बेग टु स्टेट’ तसंच. राज्य गेलं, विनवणी राहिली. आज मुलाला लागतात ती वाक्यं साधी आहेत. ‘कुड यू रिपीट दॅट?’ ‘आय डोन्ट अंडरस्टँड.’ ‘जस्ट अ मिनिट.’ ‘आय ॲम लुकिंग फॉर...’ ‘हाऊ मच इज इट?’ ‘लेट मी चेक.’ यातलं पहिलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘पुन्हा सांगता का’ हे ज्याला विचारता येतं, तो संभाषणातून बाहेर फेकला जात नाही.

शिर्डी इथून जवळ आहे. देशभरातून, विशेषतः दक्षिणेतून, भाविक येतात. तिथली हार-फुलं विकणारी, रिक्षा चालवणारी मुलं बघा. शाळेत इंग्रजीत नापास झालेला मुलगा गिऱ्हाइकाशी इंग्रजीत सौदा करतो, वर तेलुगूची चार वाक्यंही फेकतो. कारण वाक्य निघालं नाही तर हार विकला जात नाही. गरज आहे, कान आहे, आणि चुकलं तर कोणी गुण कापत नाही. या तीन गोष्टी वर्गात आणता आल्या तर निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे त्याच्या पन्नास वाक्यांची पाचशे करणं. ते मात्र शाळेचंच काम आहे. तो मुलगा एकटा तुकडे उघडत बसणार नाही.

काही जण म्हणतील, मग ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’वाल्या क्लासला घालू या. घरोघरी रॅपिडेक्स आहेच. त्यातली वाक्यं वाईट नाहीत, पण पुस्तक ऐकत नाही आणि उलट विचारत नाही. क्लासमध्ये वाक्यं पाठ होतात, उघडत नाहीत. मुलाखतीत समोरच्यानं ठरलेल्यापेक्षा वेगळा प्रश्न केला की पोपट गप्प. आणि कर्ज काढून इंग्रजी माध्यमात घालणाऱ्या पालकांनाही माझं सांगणं आहे, फी भरण्याआधी वर्गाबाहेर दहा मिनिटं उभे राहा. बाई मुलांशी इंग्रजी बोलतात, की इंग्रजी धडा मराठीत समजावतात? फलकावर काय लिहिलंय यापेक्षा हे महत्त्वाचं.

शिक्षकांनाही मी दोष देत नाही. आम्हीही त्याच रीतीत शिकलो, आमचीही जीभ अडते. यावर राज्यात काम झालेलं आहे. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनं ‘वुई लर्न इंग्लिश’ हा ध्वनिपाठ तयार केला, तो आकाशवाणीवरून शाळांपर्यंत गेला. म्हणजे शिक्षकाची जीभ अडली तरी मुलांच्या कानाला इंग्रजी मिळेल. पुढे राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या ‘तेजस’ प्रकल्पात प्राथमिक शिक्षकांचे गट ठरावीक काळानं एकत्र बसून आपापल्या वर्गातल्या इंग्रजीवर बोलत. याचा धडा सोपा आहे. शिक्षकालाही सराव लागतो, आणि तो एकट्यानं होत नाही.

मग तुम्ही काय करायचं? तुमच्यातले बरेच जण कॉलेजात आहात. काही जणी घरी शिकवण्या घेता. तुमच्यासाठी माझी रीत सांगते. आठवड्याला पाचच वाक्प्रयोग घ्या, एकाच जागेचे. एक आठवडा दवाखान्याचा, एक दुकानाचा, एक फोनचा, एक स्टेशनचा. पहिल्या दिवशी नुसतं ऐकवा. अर्थ एकदा मराठीत किंवा दखनीत नीट सांगा, लपवाछपवी नको. मुलाला अर्थ कळलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी कोणी कोणाला म्हणायचं ते ठरवून जोडीनं बोलायला लावा. तिसऱ्या दिवशी तुकडा उघडा. एक शब्द काढा, मुलांना दुसरा घालू द्या. ‘आय ॲम लुकिंग फॉर अ जॉब’मधलं ‘जॉब’ काढलं की ‘अ रूम’ येतं, ‘माय ब्रदर’ येतं. चौथ्या दिवसापासून ती गोष्ट त्या वर्गात फक्त त्याच वाक्यानं मिळेल असा नियम करा. पाणी हवं, खिडकी उघडायची, वही विसरली, सगळं इंग्रजीत. मूल अडलं तर थांबा, आपण वाक्य पूर्ण करू नका. आणि सगळ्यात कडक नियम एकच, चुकल्यावर हसायचं नाही. ज्या वर्गात हसतात तिथे पहिल्या मुली गप्प होतात.

‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’चंही असंच करा. पाठ केलेला परिच्छेद नको. चार चौकटी द्या. ‘आय ॲम फ्रॉम...’, ‘आय हॅव स्टडीड...’, ‘आय ॲम गुड ॲट...’, ‘आय वुड लाइक टू...’ रिकामी जागा मुलीनं स्वतः भरायची. त्या विद्यार्थिनीनं पुढच्या खेपेला एवढंच केलं. तिसऱ्या चौकटीत तिनं काय भरावं हे मी सांगितलं नव्हतं. ‘आय ॲम गुड ॲट फाइंडिंग मिस्टेक्स,’ असं ती म्हणाली. आज ती एका प्रयोगशाळेत रक्ताचे अहवाल तपासते. घरातलं निमित्तही संपलं.

शेवटी एकच. १ जून २०१७ रोजी इथून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि पुणतांब्याचं नाव देशभर गेलं. गावाकडे सांगण्यासारखं होतं, म्हणून देशानं ऐकलं. तुमच्याकडेही सांगण्यासारखं आहे. शेतीचं, बाजाराचं, आपल्या समाजाचं, मुलींच्या शिक्षणाचं. ते मराठीत सांगा, उर्दूत सांगा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण समोरच्यानं इंग्रजीत विचारलं म्हणून गप्प बसू नका. पुढच्या आठवड्यापासून इथल्या मुलांसाठी संध्याकाळी एक तास वर्ग सुरू करायचा आहे. पहिल्या आठवड्याची जागा मी ठरवली आहे, दवाखाना. शिकवायला कोण कोण येणार, त्यांनी आत्ता, उठण्याआधी नाव द्यावं.